खेळाडूचा कोच होताना : आइस हॉकीबद्दल वाचकांचे प्रश्न

व्यावसायिक आइस हॉकी खेळून निवृत्त झालेले खेळाडू पुढे कोच कसे होतात, याबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : मोठा खेळाडू म्हणजे मोठा कोच, हे आइस हॉकीत कितपत खरं ठरलं आहे?

उत्तर : फारसं नाही. वेन ग्रेट्स्कीचंच बघा. उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल या सर्वोच्च लीगमध्ये तो २० मोसम खेळला आणि १,४८७ सामन्यांत त्यानं २,८५७ गुण मिळवले. (इथे गोल करणाऱ्याला एक गुण, आणि त्याआधीचे पास देणाऱ्या जास्तीत जास्त दोघांना एकेक.) पुढे २००५ ते २००९ असे चार मोसम तो फिनिक्स कायोटीजचा मुख्य कोच होता. १४३ विजय, १६१ पराभव, २४ सामने जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये गमावलेले, आणि प्लेऑफ, म्हणजे साखळीनंतरची बाद फेरी, एकदाही नाही. संघ दुबळा होता, २००९ मध्ये क्लब दिवाळखोरीतही गेला, हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं.

उलट स्कॉटी बोमन. कुमार गटात खेळताना डोक्याला जबर मार बसला आणि पुढे मोठा खेळाडू होण्याची वाट बंद झाली. एनएचएलचा एकही सामना तो खेळला नाही. पण कोच म्हणून त्यानं साखळीतले १,२४४ सामने आणि एनएचएलच्या विजेत्याला मिळणारे ९ स्टॅनली कप जिंकले. टॅम्पा बे लाइटनिंगला २०२० आणि २०२१ मध्ये लागोपाठ कप मिळवून देणारा जॉन कूपर तर आधी वकिली करत होता.

पक (खेळातली रबरी चकती) पुढच्या क्षणी कुठे असेल ते ग्रेट्स्कीला आधी दिसायचं. खेळाडूला एवढं पुरतं. कोचला मात्र त्या दिसण्याची फोड करावी लागते : आधी मान कुठे वळवायची, कोणाच्या काठीकडे बघायचं, कुठल्या पायावर भार ठेवायचा. ज्याला ही गोष्ट लहानपणापासून आपसूक जमली, त्याला ती फोड करायची वेळच कधी आलेली नसते. म्हणून कोच होताना सर्वांत जास्त कष्ट त्यालाच पडतात.

दोन्ही जमलेली माणसं आहेतच. टो ब्लेक हे त्यातलं पहिलं नाव. मॉन्ट्रियल कॅनेडियन्सच्या 'पंच लाइन' या तीन आघाडीपटूंच्या गाजलेल्या तुकडीत तो एल्मर लाक आणि मोरिस रिचर्ड यांच्याबरोबर खेळायचा. १९४८ मध्ये पाय मोडला आणि एनएचएलमधली कारकीर्द संपली. तरी मॉन्ट्रियलची सूत्रं त्याच्या हाती आली ती १९५५ मध्ये. मधली सात वर्षं ह्यूस्टन, बफेलो, व्हॅलीफील्ड अशा खालच्या स्तरांवरच्या संघांत गेली. मग १३ मोसमांत ८ कप, त्यातले पहिले पाच लागोपाठ. कौतुक आठ कपांचं होतं. मला ती सात वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात.

प्रश्न : निवृत्तीनंतर मुख्य कोच होईपर्यंत मधल्या पायऱ्या कोणत्या?

उत्तर : एकच ठरलेला जिना नाही, पण बहुतेकांची वाट बरीच सारखी असते. सुरुवात क्लबच्या 'खेळाडू विकास' विभागात होते. क्लबनं निवडलेले, पण अजून कुमार लीगमध्ये किंवा महाविद्यालयात खेळणारे तरुण बघायला जायचं, त्यांच्या सामन्यांची चित्रफीत कापून पाठवायची, महिन्यातून एकदोनदा त्यांच्याबरोबर बर्फावर उतरायचं. त्यानंतर सहायक कोच. सहायकाकडे बहुधा एकच खातं येतं : पॉवरप्ले (प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू शिक्षेवर बाहेर असतानाचा हल्ला), किंवा एक खेळाडू कमी असतानाचा बचाव, किंवा बचावपटूंच्या जोड्या.

रॉड ब्रिंडामूर हे या वाटेचं स्वच्छ उदाहरण आहे. २००६ मध्ये कॅरोलिना हरिकेन्सनं कप जिंकला तेव्हा तो कर्णधार होता. २०१० मध्ये १,४८४ सामने खेळून निवृत्त झाला, त्याच क्लबमध्ये विकासाचं काम घेतलं, २०११ पासून सहायक झाला आणि २०१८ मध्ये मुख्य कोच. नऊ वर्षं प्लेऑफ न बघितलेला संघ पहिल्याच मोसमात उपांत्य फेरीपर्यंत, म्हणजे कॉन्फरन्स फायनलपर्यंत गेला. २०२१ मध्ये त्याला जॅक अ‍ॅडम्स पुरस्कार, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम कोचचा मान मिळाला.

दुसरी वाट एएचएल आणि ईसीएचएल या खालच्या लीगमधून जाते. ईसीएचएलमध्ये मुख्य कोचच्या हाताखाली बऱ्याचदा एकच सहायक असतो. त्यामुळे सरावाचा आराखडा, खेळाडूंची भरती, बसचं वेळापत्रक, नव्या खेळाडूची राहायची सोय, सगळं त्याच्याच गळ्यात. शिवाय वरच्या संघानं बोलावलं की चांगले खेळाडू रातोरात निघून जातात आणि दुसऱ्या दिवशी उरलेल्यांना घेऊन सामना खेळायचा असतो. ज्याला मुख्य कोच व्हायचं आहे त्यानं एनएचएलमधल्या आरामशीर सहायकपदापेक्षा ही जागा घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. निर्णय घ्यायची सवय तिथेच लागते.

प्रश्न : मार्टिन सेंट लुईस तर एकदम मुख्य कोच झाला. मग या पायऱ्यांची गरज काय?

उत्तर : फेब्रुवारी २०२२ मध्ये मॉन्ट्रियल कॅनेडियन्सनं त्याला बोलावलं, तेव्हा त्याचा कोचिंगचा अनुभव मुलांच्या संघांपुरता होता, हे खरं. पण त्या मोसमात मॉन्ट्रियल तळाला होता. जिंकण्याची घाई नव्हती, तरुण खेळाडू घडवायचे होते. शिवाय सेंट लुईसला एनएचएलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब तरुण खेळाडू निवडतात त्यात, कोणीही निवडलं नव्हतं. अंगकाठी लहान, प्रत्येक जागा झगडून मिळवलेली. अशा खेळाडूला आपण काय करतो आणि का करतो याचा विचार खेळतानाच करावा लागतो. हा अपवाद आहे, आणि तो अपवाद का चालला त्याची कारणंही दिसतात.

प्रश्न : यासाठी परवाना किंवा अभ्यासक्रम लागतो का?

उत्तर : एनएचएलमध्ये कोचला परवान्याची अट नाही, क्लबनं नेमलं की झालं. कुमार आणि शालेय गटात मात्र राष्ट्रीय संघटनेचं प्रमाणपत्र लागतं. कॅनडात वरच्या गटांसाठी 'हाय परफॉर्मन्स १' हा टप्पा असतो : वर्ग, लेखी काम आणि प्रत्यक्ष बर्फावर परीक्षकासमोर घेतलेला सराव. निवृत्त खेळाडूंना लेखी काम कंटाळवाणं वाटतं. पण संपूर्ण मोसमाचा आराखडा कागदावर मांडायची वेळ त्यांच्यावर तिथेच पहिल्यांदा येते, म्हणून ते मनापासून करावं.

प्रश्न : सामना चालू असताना कोच बेंचमागे उभा राहून नेमकं करतो काय? टीव्हीवर तर तो नुसता च्युइंगम चघळताना दिसतो.

उत्तर : मुख्यतः माणसं बदलतो. एनएचएलच्या सामन्यात संघाचे २० खेळाडू गणवेशात असतात : १८ स्केटर आणि २ गोलरक्षक. बर्फावर एका वेळी पाच स्केटर आणि एक गोलरक्षक. बहुतेक संघ १२ आघाडीपटूंच्या चार 'लाइन' (मधला एक, कडेचे दोन विंगर) आणि ६ बचावपटूंच्या तीन जोड्या करतात. एक शिफ्ट, म्हणजे बर्फावरची एक पाळी, ४० ते ५० सेकंदांची. मिनिटभर ताणली की पाय जड होतात, वळताना खेळाडू एक पाऊल मागे पडतो आणि तिथेच गोल बसतो. सर्वसाधारणपणे मुख्य कोच आघाडीच्या लाइन पुकारतो आणि एक सहायक बचावाच्या जोड्या. पुढची लाइन आधीच्या लाइननं बर्फावर पाय ठेवल्याबरोबर सांगायची असते. ती परत येताना सांगितली तर उशीर झालेला असतो.

नव्या कोचचा गोंधळ कुठे होतो ते सांगतो. पहिला घोटाळा दुसऱ्या सत्रात. २० मिनिटांच्या तीन सत्रांपैकी पहिल्या आणि तिसऱ्या सत्रात आपला बचावाचा भाग आपल्या बेंचजवळ असतो. दुसऱ्या सत्रात बाजू बदलतात, बेंच तिथेच राहतो, आणि बचाव करणाऱ्यांना बदलीसाठी लांबचा पल्ला पडतो. याला 'लाँग चेंज' म्हणतात. पक आपल्या भागात अडकला की दमलेले पाच जण सुटत नाहीत. म्हणून दुसऱ्या सत्रात शिफ्ट पाच-दहा सेकंदांनी आखूड ठेवायची, आणि पक प्रतिस्पर्ध्याच्या भागात खोल टाकल्याशिवाय बदली करायची नाही, हा नियम खेळाडूंच्या अंगात मुरवावा लागतो.

दुसरा घोटाळा मोजणीचा. बाहेर येणारा खेळाडू बेंचपासून पाच फुटांच्या आत आला आणि खेळापासून बाजूला असला, तरच त्याच्या जागी दुसऱ्यानं उतरायचं. नाहीतर 'जास्त माणसं' म्हणून संघाला दोन मिनिटांची शिक्षा, म्हणजे तेवढा वेळ एक खेळाडू कमी. १० मे १९७९ रोजी उपांत्य फेरीच्या सातव्या सामन्यात बोस्टन ब्रुइन्स मॉन्ट्रियलविरुद्ध पुढे असताना, शेवटची काही मिनिटं राहिली असताना, हीच शिक्षा झाली. त्या पॉवरप्लेवर गी लाफ्लरनं बरोबरी साधली आणि जादा वेळेत बोस्टन हरलं. बोस्टनचा कोच डॉन चेरी त्यानंतर त्या बेंचमागे परत दिसला नाही. यावर उपाय साधा आहे : खेळाडूनं नुसतं 'बदली' न ओरडता आपण कोणत्या जागेवर जाणार तेही सांगायचं. "डावा विंगर, मी!" अशी हाक सरावातही सक्तीची करावी.

तिसरी गोष्ट शेवटच्या बदलीची. खेळ थांबल्यावर पाहुण्या संघाला आधी माणसं उतरवावी लागतात. यजमान कोच ती बघून आपली उतरवतो. त्यामुळे घरच्या सामन्यात प्रतिस्पर्ध्याच्या सर्वोत्तम लाइनसमोर आपली बचावात पक्की लाइन ठेवता येते. पाहुण्या कोचनं हे टाळायला खेळ चालू असताना बदली करायची. आणखी एक : आयसिंग, म्हणजे मध्यरेषेच्या अलीकडून पक थेट पलीकडच्या गोलरेषेपार मारला, तर त्या संघाला बदली करता येत नाही आणि टाइमआउटही घेता येत नाही. टाइमआउट सामन्यात एकच, ३० सेकंदांचा. तो रागाच्या भरात पहिल्या सत्रात खर्च करू नये.

प्रश्न : सरावाचा आराखडा कसा असावा? एका सरावात किती गोष्टी घ्याव्यात?

उत्तर : बर्फावर ५० मिनिटं मिळाली तर नवी गोष्ट एकच. अंदाजे वाटणी अशी : पाच-सहा मिनिटं गरम होणं आणि गोलरक्षकाला लांबून सोपे शॉट, आठ मिनिटं एखादं कौशल्य, १२ ते १५ मिनिटं ती नवी गोष्ट, आठ मिनिटं पॉवरप्ले, आणि शेवटची दहा मिनिटं रिंकच्या (बर्फाच्या मैदानाच्या) एक तृतीयांश भागात तीनास तीन असा छोटा खेळ. मधल्या सात-आठ मिनिटांत पाणी, पक गोळा करणं आणि फळ्यावरचं बोलणं.

फळ्यासमोर ३० ते ४० सेकंदांपेक्षा जास्त बोलू नका. घामानं भिजलेला खेळाडू थंडीत दोन मिनिटं उभा राहिला की अंग आखडतं आणि ऐकूही येत नाही. तीन रेघा, एक वाक्य, शिट्टी. सविस्तर सांगायचं ते कपडे बदलायच्या खोलीत, बर्फावर उतरण्याआधी.

आता एक हिशेब, कारण माजी खेळाडू नेमका इथे चुकतो. २० खेळाडूंची एकच रांग लावली आणि प्रत्येकाची पाळी दहा सेकंदांची असली, तर एक फेरी २०० सेकंदांत पुरी होते. आठ मिनिटांच्या कवायतीत प्रत्येकाला जेमतेम २४ सेकंद काम मिळतं. उरलेला वेळ तो काठीवर रेलून उभा. त्याच २० जणांचे पाच-पाचचे चार गट रिंकच्या चार कोपऱ्यांत लावले, तर फेरी ५० सेकंदांची होते आणि काम चौपट, म्हणजे दीड मिनिटाच्या पुढे जातं. दहा सेकंद काम आणि ४० सेकंद विश्रांती हे प्रमाण वेगाच्या सरावाला मानवतं. शिफ्टसारख्या लांब कवायतीला एकास तीन पुरतं.

प्रश्न : एखादी गोष्ट शिकवण्याची पद्धत उदाहरणानं सांगाल का?

उत्तर : 'ब्रेकआउट' घेऊ, म्हणजे आपल्या गोलमागून पक बाहेर काढणं. माजी बचावपटू सांगतो, "विंगर मोकळा दिसला की दे." पण त्याला तो दिसायचा कारण पकपाशी पोहोचण्याआधी त्यानं दोनदा खांद्यावरून मागे पाहिलेलं असायचं, आणि हे तो सांगायचं विसरतो. म्हणून शिकवायची पहिली गोष्ट पास नाही, मान वळवणं. कोच मागे उभा राहून हातानं एक, दोन किंवा तीन बोटं दाखवतो. बचावपटूनं पक उचलण्याआधी आकडा ओरडायचा. पाहिलंच नसेल तर आकडा सांगता येत नाही.

मग हाका. पाठलाग करणारा प्रतिस्पर्धी सरळ मागून येतोय आणि आपल्याकडे वेग आहे, तर 'व्हील' : गोलमागून फिरून दुसऱ्या बाजूनं निघायचं. तो फिरताना चिकटून पाठीशीच आला, तर 'रिव्हर्स' : पक बोर्डला (रिंकच्या कडेच्या भिंतीला) लावून मागे सोडायचा, जोडीदार उचलेल. आपली बाजू दोघांनी अडवली तर 'ओव्हर' : गोलमागून थेट जोडीदाराला. विंगर मोकळा असला तर 'अप'. काहीच नाही तर 'रिम' : बोर्डच्या कडेनं जोरात फिरवायचा. हाक पक ज्याच्याकडे आहे त्यानं द्यायची नसते. त्याची नजर पकवर असते, म्हणून जोडीदार आणि गोलरक्षक यांनी ओरडायचं. बचावात अबोल जोडी असली की ब्रेकआउट कोलमडतो, मग दोघांचं स्केटिंग कितीही चांगलं असो.

क्रम असा : आधी समोर कोणी नसताना पाच-सहा वेळा, मग एक प्रतिस्पर्धी, मग दोन. पहिल्या पायरीवर जास्त रेंगाळू नका. रिकाम्या बर्फावर सगळं देखणं दिसतं, पाहणारे खूश होतात, आणि सामन्यात पहिल्याच दबावाला पक हातचा जातो. दोन प्रतिस्पर्ध्यांसमोर दहातले चार जरी नीट जमले, तरी तो सराव खरा.

प्रश्न : माजी खेळाडूंच्या हातून वारंवार होणारी चूक कोणती?

उत्तर : आपल्या वेळी चाललं ते आताही चालेल, हे धरून बसणं. याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण वर कौतुक केलेल्या ब्लेकचंच आहे. त्याचा गोलरक्षक झाक प्लांत सरावात मुखवटा घालायचा. सामन्यात घालायला ब्लेकचा विरोध होता. मुखवट्यानं नजर अडते आणि गोलरक्षक ढिला पडतो, अशी त्याची समजूत. १ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्कमध्ये अँडी बाथगेटचा शॉट प्लांतच्या तोंडावर बसला. टाके घातल्यावर मुखवट्याशिवाय परत जायला प्लांतनं नकार दिला. तेव्हा राखीव गोलरक्षक ठेवत नसत, म्हणून ब्लेकला मान तुकवावी लागली. संघ पुढे जिंकतच राहिला आणि मुखवटा कायमचा आला. इतका जाणता कोचही फसला, कारण तो आपल्या काळातून बघत होता.

प्रश्न : गोलरक्षक चांगला मुख्य कोच होऊ शकतो का?

उत्तर : उदाहरणं कमी आहेत. गोलरक्षक लाइनबदल, फोरचेक (प्रतिस्पर्ध्याच्या भागात जाऊन आणलेला दबाव) या चर्चांपासून थोडा बाजूला वाढतो आणि निवृत्तीनंतर बहुतेकदा गोलरक्षकांचा कोच होतो. पण पूर्ण रिंक समोरून बघायची सवय त्यालाच असते. चार कप जिंकलेल्या पॅट्रिक रुआनं २००५ मध्ये क्विबेक रेम्पार्ट्स या कुमार संघापासून सुरुवात केली, २००६ मध्ये कुमार गटाचा मेमोरियल कप जिंकला, आणि एनएचएलमधल्या कोलोरॅडोचा कोच म्हणून पहिल्याच मोसमात, २०१४ मध्ये, जॅक अ‍ॅडम्स पुरस्कार मिळवला. एका गोलनं मागे असताना गोलरक्षकाला काढून सहावा स्केटर उतरवतात. तेव्हा हे शेवटच्या मिनिट-दीड मिनिटात करायची रीत होती. रुआ बरीच मिनिटं आधी काढू लागला, आणि आज सगळीच लीग तसं करते.

प्रश्न : कोचनं पंचांच्या निर्णयाला आव्हान कधी द्यावं?

उत्तर : नुसत्या संशयावर देऊ नये. गोलआधीचा ऑफसाइड, गोलरक्षकाला अडथळा, खेळ थांबायला हवा होता तो न थांबणं आणि पक काचेपार मारल्याबद्दल झालेली शिक्षा, या चार कारणांसाठी आव्हान देता येतं. ते फसलं तर दोन मिनिटांची शिक्षा, दुसऱ्यांदा फसलं तर चार. ऑफसाइड स्वच्छ दिसतो : पक निळ्या रेषेपलीकडे, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या भागात, जाण्याआधी आघाडीपटूचे दोन्ही स्केट पूर्ण पलीकडे गेले होते का, एवढंच. म्हणून व्हिडिओ कोच पक आत येण्याचा प्रत्येक क्षण तिथल्या तिथे खूण करून ठेवतो. गोल मिनिटभरानं झाला तरी ती चित्रफीत तयार असते. अडथळ्याचा निर्णय पंचांच्या मतावर असतो, तिथे हात आखडता घ्यावा.

प्रश्न : स्त्री खेळाडूंना ही वाट मोकळी आहे का?

उत्तर : उघडली आहे, रुंद झालेली नाही. कॅनडाकडून खेळलेली जेसिका कॅम्पबेल हिनं व्यावसायिक खेळाडूंना स्केटिंग शिकवून नाव मिळवलं, २०२२ पासून एएचएलच्या कोचेला व्हॅली संघात सहायक होती, आणि २०२४ मध्ये सिएटल क्रॅकनच्या बेंचमागे उभी राहिली. एनएचएलमधली ती पहिली पूर्णवेळ स्त्री सहायक कोच.

प्रश्न : या नोकरीची शाश्वती किती?

उत्तर : फारच थोडी. २०१५ मध्ये टोरांटोनं माइक बॅबकॉकशी आठ वर्षांचा, ५ कोटी डॉलरचा करार केला. नोव्हेंबर २०१९ मध्ये त्याला काढलं. उलट बाजूही आहे. मोसम चालू असताना आलेल्यांनी त्याच मोसमात कप जिंकले आहेत : डिसेंबर २०१५ मध्ये पिट्सबर्गला आलेला माइक सलिव्हन, नोव्हेंबर २०१८ मध्ये सेंट लुईस ब्लूजची हंगामी जबाबदारी घेतलेला क्रेग बेरुबे. जानेवारी २०१९ च्या सुरुवातीला ब्लूज लीगमध्ये शेवटच्या क्रमांकावर होते. अर्ध्या मोसमात येणाऱ्यानं सगळी व्यूहरचना बदलू नये. बचावाच्या भागातली जबाबदारी आणि शिफ्टची लांबी या दोनच गोष्टी आधी हातात घ्याव्यात. त्या दोन आठवड्यांत सुधारतात, पॉवरप्ले सुधारत नाही.

प्रश्न : कोचच्या स्केटला खेळाडूइतकीच धार लागते का?

उत्तर : नाही. पात्याच्या तळाला खोबण असते आणि तिची त्रिज्या जितकी लहान तितकी ती खोल, पकड घट्ट. खेळाडू सर्रास अर्ध्या इंचाच्या आसपास ठेवतात. कोच तासभर उभा असतो, मागे सरकत असतो, मधेच थांबतो; त्याला पाऊण इंच पुरतं. खोल खोबणीवर पोटऱ्या लवकर भरून येतात आणि मागे घसरताना पातं अडकून पडायला होतं. आणि हेल्मेट घालाच. सरावात मागून आलेला पक कोचला दिसत नाही.